माप समक्ष देणे

ओजस, मैत्री,

गेल्या महिन्यात तुम्ही तिकडच्या जत्रेतला फोटो पाठवलात. ओजसच्या अंगात चौकड्यांचा सुती शर्ट होता, दोन्ही खिशांवर झाकणं, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खाली मैत्रीने लिहिलं होतं, ‘आजी, अगदी आपल्या भिंतीवरच्या आजोबांसारखा दिसतो ना?’ आणि ओजसने तीन प्रश्न विचारले होते. फोटोत आजोबांचा शर्ट इतका ढगळ का आहे? तेव्हा तशी फॅशन होती का? आणि तो शर्ट अजून आहे का, असेल तर मला घालायचा आहे.

मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. प्रश्नांची उत्तरं क्रमाने आणि पूर्ण वाक्यात द्यायची मला सवय आहे. उत्तर लिहायला वही काढली त्याच आठवड्यात बोरीहून फोन आला की दादा गेला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बोरीचा टेलर. तुमची आई चार वर्षांची असताना त्याने आणि वहिनीने तिला वर्षभर सांभाळलं होतं. तो शर्ट त्यानेच शिवला होता.

तुमच्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्याला वगळून देता येत नाही. आणि खरं सांगायचं तर या गोष्टीतलं बरंचसं मला तुम्हाला नाही, त्याला सांगायचं होतं. ते राहिलं. म्हणून आता पुढचं मी त्याच्याशीच बोलते. तुम्ही शेजारी बसून ऐका. त्याचं बोलणं अडलं तर आईला विचारा, तिला बोरीची बोली येते.

*

दादा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणातल्या मांडवात सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. वंदना झाली, भंतेजी बोलले. वहिनी माझ्याजवळ सरकली आणि कानाशी म्हणाली, “शेवटच्या दिवशीची गंमत सांगू का? दवाखान्यात डाक्टर नाडी बघायला वाकला, तर तुजा भाऊ म्हनतो कसा, सायब, तुमचा खिसा अर्धी चौकडी खाली गेलाय. जीव जायलाय, अन् ह्येंचं ध्यान खिशावर!”

आसपासच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. मग मला तिथे बसवेना. मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

पन्नास वर्षं माझ्याकडे तुझ्यासाठी एक वाक्य होतं आणि एक प्रश्न होता. वाक्य माफीचं, प्रश्न रागाचा. दोन्ही एकाच शर्टापायी आलेले. माफी मागायला गेले की राग वर यायचा, आणि रागाने विचारावं म्हटलं तर तुझा त्या बाजारच्या दिवशीचा चेहरा समोर यायचा. म्हणून मी दोन्ही ठेवून दिले. मी व्यवस्थित बाई आहे, वस्तू ठेवून देणं मला चांगलं जमतं.

तू परभणीला उस्तादांकडे तीन वर्षं राहून शिवणकाम शिकलास. चौकड्यांचं कापड आलं की ते म्हणायचे, “पैले नजर, पीछे कैंची.” खिसा लावला तरी कळू नये, झाकणाची रेघ खिशाच्या रेघेत आणि खिशाची रेघ छातीच्या रेघेत गेली पाहिजे, हे तू तिथून घेऊन आलास. मशीन घेऊन बोरीत बसलास तेव्हा मोठ्या घरांतले लोक तुझ्याकडे शर्ट टाकू लागले, कारण तुझ्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. पण ते टेप लावू द्यायचे नाहीत. शिवलेला कपडा चालायचा, तुझं बोट गळ्याला चालायचं नाही. ते अंगणात उभे राहायचे, हात जरा बाजूला करायचे, तू दारातून एकदा बघायचास आणि वळून भिंतीवर खडूने आकडे लिहायचास. शर्ट असा बसायचा की लोक म्हणायचे, टेलरची नजर म्हंजी टेप हाय.

मी कॉलेजातून सुटीला आले की भांडायचे. “धर्म बदलला, नाव बदललं, आणि तू अजून लांबून मापं घेतोस? त्यांचे कपडे शिवतोसच कशाला?”

तू दोरा ओवत म्हणायचास, “त्येंनी हात लावू दिला न्हाई म्हनून माजी नजर झाली. आता ह्यो हुन्नर माजा हाय. त्येंचा न्हाई.”

“तो अपमान आहे, दादा.”

“आसंल. पर तो त्येंच्याकडं ऱ्हायला. मी कायला घरी आनू?”

हा वाद आपण कधीच संपवला नाही. पुढे दिवस बदलले, लोक टेप लावू द्यायला लागले, तरी तू टेप नुसता गळ्यात अडकवून बसायचास आणि माप नजरेनेच घ्यायचास. मला ते आवडायचं नाही. आज वाटतं, ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती तिनेच तू आमच्या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट सगळ्यांच्या आधी पाहिलीस.

आणखी एक आठवण इथेच लिहून ठेवते, पुढे तिचं काम आहे. मी चौथीत असताना तू माझा पहिला फ्रॉक शिवलास. खालची दुमड चांगली वीतभर होती. आई म्हणाली, “येवढं कापड आत कायला घातलं?” तू म्हणालास, “ही वाढनार हाय.” दरवर्षी जूनमध्ये तू ती दुमड उसवून दोन बोटं खाली सोडायचास. सातवीपर्यंत मी तोच फ्रॉक घातला. खाली जुन्या टाक्यांच्या तीन ओळी दिसायच्या, मुली हसायच्या. मी तुला सांगितलं नाही.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती त्या साली मी बी.एड.ला औरंगाबादला गेले. शाळेतली नोकरी टिकवायची तर बी.एड. हवं होतं. ह्यांची नोकरी जिंतूरला, कचेरीत कारकुनाची. हेच म्हणाले, जा, वर्ष कसंही निघेल. आमची चार वर्षांची छोकरी बोरीला तुझ्याकडे, हे जिंतूरला हाताने करून खाणार, आणि मी वसतिगृहात. सगळी व्यवस्था मी कागदावर मांडली होती. कोण कधी कुठे, कोणती एसटी, कोणता रविवार.

औरंगाबादला आमचे एक प्राध्यापक चौकड्यांचा शर्ट घालायचे, टोकदार कॉलरचा, दोन खिशांचा. ह्यांना जन्मभर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. मी कापड घेतलं. विटकरी आणि साईच्या रंगाच्या चौकड्या, मधून बारीक निळी रेघ. जानेवारीच्या शेवटी दोन दिवस घरी आले; निघायच्या दुपारी मापाची आठवण झाली तेव्हा हे कचेरीत होते. खुंटीवर ह्यांचा जुना शर्ट होता, तूच दोन वर्षांपूर्वी शिवलेला, अंगावर छान बसायचा. तो मी खाटेवर पसरला आणि मोजला. गळा, छाती, खांदा, बाही, उंची. वहीतलं पान फाडून एकाखाली एक आकडे लिहिले, खाली रेघ मारली, कापडाला टाचणीने लावलं आणि परत गेले.

हे संध्याकाळी येणारच होते. दोन तास थांबले असते तर माणसाचं माप मिळालं असतं. मला चारची गाडी पकडायची होती.

पुढच्या रविवारी हे कापड आणि तो कागद घेऊन बोरीला आले, छोकरीला भेटायला. त्या दिवशी तुमच्यात काय बोलणं झालं ते मला सहा महिने कळलं नाही.

मार्चमध्ये मी दोन दिवसांसाठी आले. परीक्षा महिन्यावर होती. हे नवा शर्ट घालून एसटी स्टँडवर उभे होते. खांदे उतरलेले, कॉलर गळ्यापासून सुटलेली, आत दोन बोटं सहज जातील अशी. मी म्हटलं, “हे काय?” हे म्हणाले, “असू दे. उन्हाळा आलाय, हवा लागते.” मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी शर्ट पिशवीत घातला आणि बोरीची गाडी धरली. तो बाजारचा दिवस होता.

तुझ्या दुकानापुढच्या बाकड्यावर चार गिऱ्हाइकं बसली होती. तू मशीनवर, आणि छोकरी खाली चिंध्यांशी खेळत होती. मी चप्पलही न काढता शर्ट मशीनवर टाकला.

“दादा, हे काय शिवलंयस? यात दोन माणसं मावतील.”

तू शर्टाकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे बघितलंस. “कदी आलीस? बस की. पानी पी.”

“पाणी नको. माप लिहून दिलं होतं ना? इतकं स्वच्छ लिहिलेलं तुला वाचता येत नाही का?”

हे वाक्य मी बोलले. तुझी शाळा पाचवीत सुटली, माझी सुटू नये म्हणून. हे मला ठाऊक असताना बोलले.

बाकड्यावरचा एक जण खिदळला. “टेलर, नजर गेली का काय तुजी? च्येष्मा घी आता!” दुसरा म्हणाला, “नजर न्हाई, बहीन शिकली अन् भाऊ ईसरला!” सगळे हसले.

तुझ्या मशीनच्या खणात तो कागद होता. वहिनीने मला नंतर सांगितलं. तू खण उघडून कागद माझ्यापुढे धरायचा होतास. गळा पंधरा लिहिलं होतं आणि शर्टाचा गळा बरोबर पंधरा होता. सूतभर इकडेतिकडे नव्हतं. बाकड्यावरचे गप्प झाले असते. मी गप्प झाले असते.

तू म्हणालास, “चुकलं माजं. कैची सरकली आसंल. ठिव हितं, आत घेतो.”

“आणि जादा कापड कापून टाक, शिवणी जाड होतात.”

तू शर्ट अख्खा उसवलास, कॉलर काढलीस, खिसे काढलेस. चौकड्यांचा शर्ट आत घ्यायचा म्हणजे तो पुन्हा शिवायचा असतो, नाहीतर रेघा तुटतात. बाजार उठेपर्यंत तू तेच करत बसलास, गिऱ्हाइकं परत पाठवून. मी छोकरीला मांडीवर घेऊन अध्यापनपद्धतीच्या टाचणांची उजळणी करत होते.

तो शर्ट मी जिंतूरला ठेवून औरंगाबादला गेले. एप्रिलमध्ये हे स्वतःच बोरीला जाऊन तो आणखी एकदा आत घेऊन आले. तेही मला नंतर कळलं. परीक्षा संपल्यावर आम्ही तिघांनी जिंतूरला फोटो काढला, तोच भिंतीवरचा. दोनदा आत घेतलेला शर्ट, आणि तरीही कॉलर गळ्यापासून सुटलेली.

मे महिन्यात मी ह्यांना दवाखान्यात नेलं. खोकला जात नव्हता म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, “वजन कधीपासून उतरतंय?”

मी म्हटलं, “वजन उतरलेलं नाही. शर्ट ढगळ शिवला गेलाय.”

डॉक्टरांनी ह्यांना काट्यावर उभं केलं. मग छातीचा फोटो काढला आणि उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, दोन-तीन महिने आधी यायला हवं होतं. मी विचारलं, आधी आलो असतो तर? ते म्हणाले, ते आता सांगता येणार नाही. त्यांचं ते उत्तर खरं होतं. तेच मी पन्नास वर्षं स्वतःला देत आले आहे.

पोळ्याच्या आधी चार दिवस हे गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनीने मला बोरीच्या घरात, चुलीपुढे सांगितलं. रडत सांगितलं, मुद्दाम नाही. “दाजी कापड घेऊन आले तवाच ह्येंनी वळखलं. म्हनले, दाजी, गळ्याला दोन बोटं कमती झाली, छातीला तीन. दुकतंय का कुटं? दाजी म्हनले, कोरडा खोकला हाय, संध्याकाळचं अंग तापतंय, पर सुमनला सांगू नका, तिची परीक्षा हाय. अन् शर्ट कागदाबरहुकूम शिवा, न्हाईतर तिला कळंल.”

महिनाभराने तू छोकरीला सोडायला जिंतूरला आलास. मी दारातच उभी राहिले. आत ये म्हणाले नाही.

“तुला माहीत होतं.”

“व्हय.”

“फेब्रुवारीपासून.”

“व्हय. दाजीनं शपथ घातली व्हती, सुमे. मी दोनदा म्हनलो, चला दवाखान्यात, मी येतो संगं. परीक्षा झाल्यावर जाऊ म्हनले.”

“आणि बाजारात मी बोलले तेव्हा? तेव्हा तरी?”

“तवा सांगनारच व्हतो. तोंडावर आलं व्हतं. मग वाटलं, आता सांगितलं तर ही पेपर सोडून येईल.”

“आले असते सोडून!”

“म्हनूनच न्हाई सांगितलं.”

तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला ते दिसत होतं. तरी मी म्हणाले, “मग तुझ्या त्या नजरेचा उपयोग काय झाला?”

तू तुझ्या हातांकडे बघितलंस. छोकरीच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि गेलास. पाणीही प्यायला नाहीस.

दादा, त्या वाक्याची माफी मला मागायची होती. बाजारातल्याचीही, पण या वाक्याची जास्त. आणि प्रश्न अजून तोच आहे: तू का नाही सांगितलंस? मला उत्तर माहीत आहे आणि तरी तो प्रश्न आहे. तुम्ही दोघांनी माझी परीक्षा एखाद्या दिव्यासारखी दोन्ही हातांनी आडोसा करून सांभाळलीत, आणि मला एकदाही विचारलं नाहीत की मला तो दिवा हवा आहे का. मी पहिल्या वर्गात आले. ते प्रमाणपत्र मी भिंतीवर कधी लावलं नाही. त्याच प्रमाणपत्रावर मला नोकरी लागली, मुलगी शिकली, परदेशी गेली. तुझ्यावर रागावून मी जे जे खाल्लं, ते तू गप्प बसल्यामुळे मिळालेलं होतं. असा राग धरायला फार अवघड असतो. सोडायलाही.

वर्षभराने मी बोरीला आले तेव्हा दुकानात नवी पाटी होती. शाळेच्या भिंती रंगवणाऱ्याकडून लिहून घेतलेली, पिवळ्यावर काळी अक्षरं: ‘कागदावरील माप घेतले जाणार नाही. माप समक्ष देणे.’ गिऱ्हाइकं चेष्टा करायची. “टेलर लय शाना झाला. मुंबईचा जावई काय मापासाटी बोरीला येईल व्हय?” तू म्हणायचास, “येऊ दे. न्हाई आला तर दुसरा टेलर बघू दे.” लोकांना वाटलं, हा कारागिराचा ताठा. पाटी कोणासाठी होती ते मला एकटीला कळलं. मी ती वाचली आणि तुझ्याकडे न बघता आत गेले. तूही माझ्याकडे बघितलं नाहीस.

त्यानंतर आपण बोलत राहिलो. लोकांना वाटलं, भाऊबहीण पुन्हा पहिल्यासारखे झाले. तू दर उन्हाळ्यात माझे ब्लाऊज शिवून आणायचास, मी तुझ्या मुलांचं इंग्रजी बघायचे. छोकरीच्या लग्नात जावयाचा कोट तूच शिवलास. पण ह्यांचं नाव निघालं की तू उठून चुना-तंबाखू शोधायचास आणि मी चहाला आधण ठेवायचे.

या वर्षी पावसाळा संपताना मी ठरवून आले. मनात वाक्य तयार करून आले होते, पूर्ण, कर्ता-कर्म-क्रियापद असलेलं. तू खिडकीखालच्या खाटेवर होतास. मशीनवर वहिनीने चादर घातली होती. तू मला दारात थांबवलंस. हात वर करून, तसाच, जसा पूर्वी गिऱ्हाइकांना थांबवायचास.

“थांब. तितंच उबी ऱ्हा.”

“काय झालं?”

“वजन उतरलंय तुजं. गळ्याला बोटभर, दंडाला त्याहून जादा. तपासून घी.”

“वय झालं, दादा. आता उतरायचंच.”

तू मान हलवलीस. बराच वेळ श्वास गोळा केलास आणि म्हणालास, “मी आता बोलून टाकतो, सुमे. एकदा गप बसलो व्हतो.”

ही तुझी माफी होती. पन्नास वर्षांनी, दारात उभं करून, माझ्या तोंडावर. आता माझी पाळी होती. वाक्य तयार होतं.

मी म्हटलं, “सकाळची गोळी घेतलीस का?”

तू हसलास. “घेतली, मास्तरीनबाई.”

परभणीला माझ्या घरी परतल्यावर मी रक्त तपासून घेतलं. साखर निघाली, बरीच. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मला तुला फोन करून हे सांगता आलं असतं. पण मी म्हटलं, असल्या गोष्टी फोनवर काय सांगायच्या, दिवाळीनंतर गाडीला गर्दी कमी झाली की जाऊ, हे सांगू आणि तेही सांगू, समक्ष. पुन्हा वेळापत्रक, दादा. पुन्हा मी चारची गाडी बघत बसले.

परवा ओजसच्या तिसऱ्या प्रश्नासाठी मी पेटी उघडली. शर्ट तळाशी होता. ह्यांच्यानंतर मी तो धुऊन, घडी करून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता. पाला दरवर्षी बदलला, घडी कधी मोडली नव्हती. या वेळी मोडली. खिडकीपाशी नेऊन उलटा केला.

तू कापलं नव्हतंस.

मी बाजारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, जादा कापड कापून टाक. तू कापलं नव्हतंस. दोन्ही बाजूंच्या शिवणींत ते आत दुमडलेलं आहे, घडीवर घडी, चपटं करून हाताने टाचलेलं, शिवण जाड लागू नये म्हणून. मार्चमधली एक घडी, एप्रिलमधली तिच्यावर दुसरी. खांद्यातही आहे. कॉलरच्या पट्टीत गळ्याचं कापड वळवून ठेवलंय. ते बाहेर सोडायच्या जागी तू आतून कच्चे टाके घातलेस, एका ओढीत उसवतील असे. माझ्या फ्रॉकला घालायचास तसेच.

म्हणजे हे पुन्हा भरतील असं तुला वाटत होतं. तू एकटाच होतास आमच्यात, ज्याला ह्यांचं वाळणं दिसत होतं, आणि तू शर्ट शिवलास तो ह्यांच्या भरलेल्या अंगासाठी, जपून ठेवलेला. तू नुसता गप्प बसला नव्हतास, वाट बघत होतास. तू चुकलास, दादा. मी हे आजही म्हणते. मला सांगायला हवं होतंस. पण मी ते म्हणते आहे खिडकीपाशी बसून, तुझा शर्ट उलटा मांडीवर घेऊन, आणि माझ्याच्याने तो सुलटा करवत नाही.

मी बाजारात बोलले ते चूक होतं. दारात बोलले ते त्याहून चूक होतं. माप माझं चुकलं होतं. तू शिवलेलं बरोबर होतं.

हे तुला समक्ष सांगायचं होतं.

*

ओजस, मैत्री, आता तुमची उत्तरं.

शर्ट ढगळ होता, कारण आजोबा आजारी होते आणि मी त्यांचं माप न घेता त्यांच्या जुन्या शर्टाचं घेतलं. तशी फॅशन नव्हती. ओजस, तुला तो घालायचा असेल तर मला तुझ्या मापाचा कागद पाठवू नकोस, फोटोही नको. तू स्वतः ये. तुझ्या आईलाही आण, तिला मामाच्या दुकानात जायचं आहे. तिथे आता त्याचा मुलगा बसतो. टाके उसवायचे की नाही ते तुला बघून ठरवू. मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुकानातली पाटी अजून आहे, रंग उडालाय पण वाचता येते. शर्ट आहे. एका बाहीचं बटण गेलं आहे, विटकरी रंग थोडा उतरला आहे. दोन्ही खिशांच्या रेघा छातीच्या रेघांत बरोबर जातात. आत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड आहे, न कापलेलं.